चतुःसीमा

घणसोलीत, सेक्टर सातच्या जिन्याखाली माझं दुकान:
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, पॅनकार्ड.
पोशाकाका मढवी येतात ते मासळीबाजार उठल्यावर,
ओल्या पिशवीत कोलंबी, कोरड्या पिशवीत कागद.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाईल,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

सगळं स्कॅन करून मी म्हटलं, झालं, ठेवलं.
"कुठं ठेवलंस गो?"
"हे काय, समोर." पिवळं फोल्डर, खाली नाव: मढवी पोशा.
काकांनी बोट टेकवलं काचेवर. "इथं?"
मग वाकून टेबलाखाली पाहिलं,
जिथं धुळीनं माखलेला डबा घरघरत होता.
"मंग यो कशाला ठेवलाय?"

खोटं बोलवेना.
माउसचं उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडल्या.
त्या शब्दाला काका हसले, म्हणाले, आमचीबी व्हती.
ठिकाण: सी, त्यात युजर्स, त्यात शलाका, त्यात डेस्कटॉप.
जिल्हा, तालुका, मौजे, गट नंबर, मी म्हटलं, तसंच.
"आन् चतुःसीमा?"

पूर्वेस तांडेलांची लग्नपत्रिका,
पश्चिमेस कुणाचं तरी वीजबिल,
दक्षिणेस रिसायकल बिन, उत्तरेस मोकळं.
पण हे स्क्रीनपुरतं.
आत डब्यात काय, ते मलाही दिसत नाही.
तिथं एकसंध काही नसतंच म्हणतात,
फाईलचा एक तुकडा इथं, दुसरा पार टोकाला,
आणि कुठला तुकडा कुणाचा याची एक वही.
"तलाठ्याची," काका म्हणाले.
हो. आणि फाईल उडवली
की वहीतलं नाव फक्त कंसात जातं.
मजकूर असतो जागच्या जागी, गप्प,
त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं घर उभं राहीपर्यंत.

काका बराच वेळ बोलले नाहीत.
कोलंबीच्या पिशवीतून पाणी गळत होतं पायरीवर.

मग त्यांना दिसला ढग.
नावाशेजारी, एवढासा, निळा, पोकळ.
हिरवी खूण असली तर फाईल इथं,
ढग असला तर इथं नुसती पाटी.
"आन् माल?"
माल असेल महापेला, कारखान्यांच्या ओळीत,
बिनखिडक्यांच्या एखाद्या इमारतीत,
जिथं माणसापेक्षा मशीनला गारवा जास्त.
नाहीतर सिंगापूरला. कंपनी सांगत नाही.
"महापे," काका म्हणाले, सिंगापूर ऐकलंच नसल्यासारखे,
"तिथं माझी आत्या दिली व्हती. भात लावाया जायचो.
चिखलात पाय इथवर." आणि मांडी दाखवली.

जाताना एक प्रिंट मागितली, दोन रुपयांची.
घडी घालून पिशवीत टाकली, कोरड्या.
"तुझ्याकडंबी राहू दे," म्हणाले,
आणि पुन्हा एकदा टेबलाखाली बघून घेतलं.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
मी ते फोल्डर धरून
डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात नेलं.
आलं मुकाट्यानं. आत डब्यात
मढवींचा एक कागदही हलला नसणार.

आधी होतं तिथं, काचेवर,
कोलंबी निवडलेल्या बोटाचा ठसा तेवढा उरला,
रेघ न् रेघ स्पष्ट.
त्या पडद्यावर खरोखर ठेवलेली अशी
ती एकच वस्तू.
फडका हातात होता.
तेवढ्यात शेजारचा मोबाईलवाला ओरडला,
ताई, आठला लाईट जाणार आहे,
आणि मी घाईघाईत सगळं सेव्ह केलं,
कुठं, ते न बघता.